रुळांपलीकडची हजेरी

ती पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा मला वाटलं, काहीतरी विकायला आली असेल. दार उघडलं तर समोर चाळिशी ओलांडलेली एक बाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर टॉवेल, हातावर साबणाचा फेस तसाच. त्या फेसाळ हातात फोन धरून तिने तो डोक्यावर उंच नेला होता आणि माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती.

"कोण हवंय?" मी विचारलं.

"कुणी नको, बाई. रेंज हवीय." तेवढ्यात फोनने टुक् केलं. "मिळाली. चालले." आणि ती धडाधड जिना उतरून गेलीसुद्धा.

मला जवळजवळ सगळी इमारत 'बाई'च म्हणते. शाळेत शिकवणं सुटून बरीच वर्षं झाली, पण बाईपण काही सुटलं नाही. त्यामुळे एखादी गोष्ट समजली नाही की ती समजेपर्यंत मला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला मी दार उघडूनच उभी राहिले. ती आली, हात वर केला, टुक् झालं.

"रोज माझ्याच दारात का गं?"

"काय सांगू बाई तुम्हाला. तुमच्या दारात उभी राहिले की मी खालच्या घरात असते. आणि खालच्या घरात गेले की मी रुळांपलीकडे असते."

"बस जरा. नीट सांग."

"बसते कुठली. आबा स्टुलावर आहेत, अंगभर साबण लावून ठेवलेत." आणि पुन्हा धडाधड जिना.

खालचे आबा म्हणजे तळमजल्यावरचे म्हातारे शिंपी. त्यांचं दुकान पुढच्या रस्त्यावर होतं. अर्ध्या गावाने त्यांच्याकडे कपडे शिवले असतील. मीही शिवले. एकदा झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. राहिला एक 'आं', तो हो म्हणायलाही चालायचा आणि नाही म्हणायलाही. घरात ते आणि त्यांची लेक, दोघंच. लेक एका कचेरीत हिशेब बघते. सकाळी जाते, दुपारच्या सुट्टीत धावत येऊन बापाला दोन घास भरवते, पुन्हा जाते. तिच्या चेहऱ्यावर कायम असं काहीतरी असतं, जणू गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये.

सकाळची अंघोळ, नाश्ता आणि औषधं यासाठी एका संस्थेकडून बाई यायची. तीच ही. इमारतीतली पोरं तिला अंघोळताई म्हणत. कुणी दटावलं तर तीच म्हणे, "असू द्या हो, खोटं थोडंच बोलतात."

हळूहळू तिची माझी ओळख वाढली, तीही जिन्यावरच. काम संपलं की पुढच्या घरी जायच्या आधी ती माझ्या दाराशी वरच्या पायरीवर टेकायची, चहा घ्यायची, चपला काढून तळवे दाबायची. दिवसात चार म्हातारी अंगं न्हाऊ घालायची तिच्याकडे. एक आजी अंघोळीच्या वेळी शिव्या द्यायची, दुसरी तिला आपली मेलेली बहीण समजायची. "मी पण हो म्हणते," ती सांगे. "तिची बहीण व्हायला मला काय पैसे पडतात? फक्त लहानपणी तिची बांगडी मी फोडली होती म्हणे, ते रोज ऐकून घ्यावं लागतं."

हे काम ती शिकली सासऱ्यांवर. ते अंथरुणाला खिळले तेव्हा घरात दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. नवरा खोक्यांच्या कारखान्यात पाळीने जातो. हा येतो तेव्हा ती निघते, ती येते तेव्हा हा निघतो. "आम्ही नवरा-बायको फोनवरच नांदतो, बाई. आणि घराशेजारी टॉवर, रेंज अशी फुल की भांडणसुद्धा मधेच तुटत नाही."

ती नखं मुळापासून कापलेली ठेवायची. साबण आधी स्वतःच्या तळहातात घोळून कोमट करायची. पाण्यात हात नाही, कोपर बुडवून बघायची, कारण तिच्या मते दिवसभर पाण्यात असलेल्या हाताला ऊनगार कळत नाही. कधी मी वाटीभर काही द्यायला खाली गेले तर न्हाणीचं दार ओढलेलं असे आणि आतून तिचा आवाज, "हां, बाही बघू आता. शाब्बास." मला वाटे, कपडे चढवते आहे.

आता त्या फोनचं.

संस्थेने प्रत्येक बाईला एक फोन दिला होता. तो दिवसभर बरोबर ठेवायचा. ती कुठल्या घरी किती वेळ आहे हे फोन आपोआप कचेरीला कळवायचा, आणि तिथून घरच्या माणसाच्या फोनवर निरोप जायचा: सेविका ठिकाणावर आहे. किंवा, सेविका ठिकाणावर नाही. बंद घरात आकाशातल्या उपग्रहाची खूण मिळत नाही, म्हणून हा फोन जवळच्या टॉवरवरून अंदाज बांधायचा. टॉवर किती जोरात ऐकू येतो त्यावरून तो किती लांब आहे ते मोजायचं. जोरात म्हणजे जवळ, बारीक म्हणजे लांब.

बाकीच्या तिन्ही घरी हे बरं चाले. एका घरी तर इतकं बरं की, ती म्हणे, समोरच्या टपरीवर बसून राहिले तरी हजर दिसेन. घोळ फक्त आबांकडे होता. आमची इमारत उताराला टेकून बांधली आहे. आबांचं घर पुढून तळमजला आणि मागून जमिनीच्या पोटात. टॉवर मागच्याच गल्लीत, एवढा जवळ की माझ्या गॅलरीतून त्याच्यावर बसलेले कावळे दिसतात. पण तो आणि आबा यांच्या मधे सगळा डोंगर आणि दगडी भिंत. त्यामुळे फोनला तो ऐकूच येत नसे. घराला एकच खिडकी, ती उताराकडे उघडते, आणि तिथून दोन इमारतींच्या फटीतून लांबवर रुळांपलीकडचा दुसरा टॉवर दिसतो. फोन त्याला धरायचा. तोही भिंतींतून गळून गळून येणारा, अगदी क्षीण. कचेरीतलं यंत्र म्हणायचं, बाई रुळांपलीकडच्या टॉवरपाशी आहे, आणि टॉवरपासूनही बरीच लांब.

मग भर अंघोळीत फोन वाजायचा. शब्द तुटत तुटत यायचे.

"ताई, कुठे आहात?"

"आबांची पाठ घासतेय."

"लोकेशन रुळांपलीकडे दाखवतंय."

"मग तिकडे कुणी पाठ घासत असेल तर बघून या."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कारण 'ठिकाणावर नाही' हा निरोप लेकीच्या फोनवर जाई, आणि लेकीला त्या निरोपाची फार मोठी धास्ती होती. या ताईच्या आधी दुसऱ्या संस्थेची एक बाई होती. ती दिवसाआड येईनाशी झाली. आली तरी ओल्या फडक्याने तोंड पुसून निघून जायची. आबा सांगणार कसे? लेकीला कळलं ते पाठीला जखमा झाल्यावर. त्यानंतर तिने शोधून शोधून ही संस्था निवडली होती, फोनवर हजेरी कळवणारी.

"काकू, बाबा बोलत नाहीत," ती मला एकदा म्हणाली होती. "आता त्यांच्या वतीने तो फोनच काय ते बोलतो."

आणि संस्थेचा नियम असा की एका घरी असं वारंवार झालं तर ते घर त्या बाईकडून काढून दुसरीला द्यायचं. ताईला दोनदा ताकीद मिळाली होती. म्हणूनच ती आबांना साबण लावून, दुसऱ्या टॉवेलने पाठीमागच्या पाइपाला बांधून, जिना चढून माझ्या दारात यायची. हजर दिसण्यासाठी तिला त्यांना सोडून जावं लागे.

"पडले तर गं?" मी म्हटलं.

"तेच ना, बाई. वर येताना पाय इकडे आणि जीव तिकडे. पण घर गेलं तर? दुसरी आली तर आबा मूठ आवळून बसतील. माझ्या आधीच्या बाईला धड हात लावू द्यायचे नाहीत म्हणे."

मीच तोडगा काढला. फोन माझ्याकडे ठेव म्हटलं. येताना आधी वर ये, फोन खिडकीत ठेव, खाली जा, काम कर, जाताना घेऊन जा. कचेरीतून विचारणा झाली तर मी सांगेन, खाली आहे म्हणून. तिला हे पटलं नाही लगेच. "लबाडी नाही ना होत, बाई?" असं दोनतीनदा विचारलं. मी म्हटलं, तू असतेस तिथेच तुला दाखवायचं आहे, यात लबाडी कसली?

झालं. फोन माझ्या खिडकीत, कुंडीशेजारी. मागच्या गल्लीतला टॉवर त्याच्या नजरेसमोर. त्या दिवसापासून तिची हजेरी अशी चोख लागू लागली की संस्थेने तिला शाबासकीचा निरोप पाठवला. ती तो वाचून म्हणाली, "बघा, काम तेच. फक्त फोनला बरी जागा मिळाली."

एके सकाळी मी भाजी निवडत होते आणि स्वयंपाकघरातला पाण्याचा पाइप वाजायला लागला. टण टण टण. आधी वाटलं, पाणी आलं असेल. पण थांबून थांबून, पुन्हा जोरात. हा पाइप खालून आबांच्या न्हाणीतून वर येतो. मी आबांच्या घराची माझ्याकडे ठेवलेली किल्ली घेतली आणि गुडघ्यांना विचारायला न थांबता खाली गेले.

आबा न्हाणीत आडवे होते. डोकं ताईच्या मांडीवर, पाय तिने उलट्या बादलीवर ठेवलेले. ओठ पांढरे. तिच्या हातात पाण्याचा मग होता, त्यानेच ती पाइप बडवत होती.

"बसल्या जागी मान टाकली," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट. "श्वास चालू आहे. मी सोडत नाही यांना. तुम्ही फोन करा."

खाली रेंजचा भरवसा नाही. मी पुन्हा वर. माझा फोन कुठे ठेवला ते सुचेना, खिडकीतला तिचा समोर होता, तोच उचलला. आधी गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना लावला, मग लेकीला.

डॉक्टर आले तोवर आबांनी डोळे उघडले होते. गरम पाण्याने रक्तदाब उतरला, असं डॉक्टर म्हणाले. वेळेवर आडवं केलं, पाय वर घेतले, ते बरं झालं. औषध बदलून दिलं. लेक आली ती धापा टाकत. बापाच्या कपाळावर हात ठेवून नुसती बसून राहिली. ताईने तिला पाणी आणून दिलं. सगळं निवळल्यावर लेकीने फोन काढून पाहिला, आणि माझ्याकडे वळली.

"काकू, मघाशी तुम्ही बोललात. पण नंबर ताईंचा होता."

"हो."

"ताईंचा फोन तुमच्याकडे कसा?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं. पण सांगता सांगता माझ्याच कानाला ते कसं ऐकू येतंय ते कळायला लागलं. लेकीचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे फोन वर, आणि ताई कुठेही."

"कुठेही नाही गं. इथेच."

"ते तुम्ही म्हणता, काकू. तुम्ही वर असता. दार बंद असतं." मग ताईकडे बघून, "आधीची पण मला रोज सांगायची, आज छान अंघोळ झाली बाबांची. ताई, मी तुमच्यावर आरोप नाही करत. पण आता मला कसं कळणार?"

ताईने मगातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं. "मी आले होते," ती म्हणाली. "रोज आले."

एवढंच. मला वाटलं, रडेल, भांडेल, निदान डॉक्टर काय म्हणाले ते तरी ऐकवेल. तिने टॉवेल पिळला, झटकला, दोरीवर टाकला. दिवसातली तिची अजून तीन घरं राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीने रजा घेतली आणि संस्थेच्या सुपरवायझरला बोलावलं. मलाही खाली बोलावलं, कारण फोन माझ्या खिडकीतला. सुपरवायझर तरुण होता. बगलेत हेल्मेट, डोळे झोप नसल्यासारखे. बसल्या बसल्या त्याचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा तो "पोचतोच" म्हणाला.

त्याने नकाशा उघडून आमच्यासमोर धरला. "हे बघा. हा रुळांपलीकडचा टॉवर. फोन वर ठेवायच्या आधी, या घराच्या वेळेला, आमच्या फोनने या टॉवरला धरून कळवलंय. आणि आवाज म्हणाल तर इतका बारीक. मोकळ्यावर एवढा बारीक आवाज कधी येतो? माणूस इतका लांब असला की. म्हणून टॉवरभोवती हे एवढं मोठं वर्तुळ. ताई या रेघेवर कुठेतरी. तुमची इमारत बघा, रेघेच्या जवळपासही नाही."

"मोकळ्यावर," मी म्हटलं. "आणि भिंत असली तर?"

"भिंत यंत्राला कशी कळणार, बाई? घराघराची भिंत वेगळी."

"म्हणून भिंतच नाही असं धरायचं? माझ्या पहिल्या बाकावर एक मुलगी होती, उत्तर देताना पुटपुटायची. आवाज येत नाही म्हणून ती शेवटच्या बाकावर बसली आहे असं मी कधी म्हटलं नाही."

तो हसला. हसणं चांगलं होतं त्याचं. "तुम्हाला मुलगी दिसत होती, बाई. मला नाही दिसत. माझ्याकडे एवढ्या बायका आहेत, मी नुसता आवाज ऐकून हजेरी घेतो. आणि खरं सांगू? रेंजचं कारण रोज कुणीतरी देतंच. त्यातलं खरं कुठलं, हे मी कसं ओळखू?"

तो चुकीचं बोलत नव्हता.

"त्यात फोन स्वतःजवळ न ठेवणं, हा तर वेगळाच मुद्दा," तो पुढे म्हणाला, जरा नाइलाजाने. "लोकेशनचं एक वेळ समजून घेतलं असतं. उद्यापासून इथे दुसऱ्या ताई येतील."

ताई दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि ती आपणहून बसली नव्हती. ती सुपरवायझरकडे बघत नव्हती, लेकीकडेही नाही. आतल्या खोलीत आबा खुर्चीत बसले होते आणि न्हाणीत पाणी काढलेलं होतं, वाफ येत होती.

"पाणी निवतंय," ती म्हणाली.

"आज मी घालते," लेक म्हणाली आणि उठली.

न्हाणीचं दार आज सताड उघडं राहिलं. खोली एवढीशी, आम्ही बाहेर बसलो होतो तिथून सगळं दिसत होतं. तिने बापाला नीटच स्टुलावर आणलं. मायेनेच बोलत होती. "बाबा, हात काढा ना. बाबा, शर्ट काढायचाय." आबांनी डावा हात छातीशी घट्ट धरला, मूठ आवळली. तिने मूठ हळूच सोडवू पाहिली. ती आणखी आवळली गेली. "आं," ते म्हणाले. हो की नाही, ते नेहमीसारखंच कळलं नाही. "बाबा, असं काय करता? मी आहे ना." सुपरवायझरने नजर काढून नकाशात घातली.

मग ताईने बाह्या दुमडल्या, आत गेली, लेकीला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं. साबण तळहातात घोळला. खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची लांब पट्टी केली, आणि दोन्ही हातांत धरून आबांसमोर उभी राहिली. शिंपी टेप धरून उभा राहतो तशी.

"आबा, माप घ्यायचंय."

आबांची मूठ सुटली.

"छाती बघू." डावा हात बाजूला झाला, कोपरातून किंचित वाकवून, माप देणारं गिऱ्हाईक करतं अगदी तसा. ताईने टॉवेल छातीभोवती फिरवला, त्याखालून साबणाचा हात फिरवला. "सैल ठेवू की बेताचं?"

"आं."

"बेताचं. बरं. आता गळा." हनुवटी वर गेली. "बाही." हात सरळ पुढे आला, मनगट वर. "खांदा." आबा स्टुलावर आपलेआप वळले आणि पाठ तिच्याकडे केली. त्या पाठीवर जुन्या जखमांचे फिकट डाग तेवढे होते. नवी एकही नव्हती. ती पाठ घासत होती आणि पुटपुटत होती, "शाब्बास, कपडा वाया नाही जायचा," आणि आबांचे डोळे मिटत चालले होते, एखाद्याला न्हाव्याच्या खुर्चीत पेंग यावी तसे.

लेक न्हाणीच्या चौकटीला धरून उभी होती. शाळा सुटल्यावर दुकानाच्या पायरीवर बसून ती गृहपाठ करायची, मी बघितलेलं आहे. गळा, छाती, खांदा, बाही, हे तिने बापाच्या तोंडून माझ्याहून कितीतरी जास्त ऐकलं होतं. आता बाप गिऱ्हाईक झाला होता, आणि इतका सरावाचा की पुढचं माप कुठलं हे त्याला आधीच ठाऊक होतं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"असंच एकदा," ताई हात न थांबवता म्हणाली. "पहिल्या पहिल्यांदा मला पण मूठ आवळायचे. एकदा शर्टाची बाही मोठी झाली होती म्हणून मी दुमडून बघत होते, तर हात पुढे आला. मग म्हटलं, बरं, असं आहे तर. एका दिवसात नाही झालं. आधी नुसता हात द्यायचे. पाठ वळवायला फार दिवस लागले. पाणी घाला जरा, हो, खांद्यावरून. हळू."

लेकीने पाण्याचा मग उचलला आणि हळू ओतला. मग बाहेर येऊन ती सुपरवायझरसमोर बसली. ओल्या हातांनीच डोळे पुसले, त्यामुळे चेहरा आणखीच ओला झाला.

"दुसरी नको," ती म्हणाली. "याच येतील."

"मॅडम, पण रिपोर्ट…"

"रिपोर्टमध्ये त्या रुळांपलीकडे दिसू देत. मी लिहून देते की मला चालतं."

सुपरवायझरने न्हाणीकडे पाहिलं. "तसं लिहून देता येतं," तो म्हणाला. "फक्त यंत्राचे निरोप थांबणार नाहीत. ते रोज येतील. आणि ताई, फोन मात्र जवळच ठेवायचा. कालच्यासारखं काही झालं तर?"

"खाली तो धड लागतो कुठे?" ताई आतून म्हणाली.

त्याला हसू आलं आणि वाईटही वाटलं असावं. तो हेल्मेट उचलून निघाला. जिन्यात त्याचा फोन पुन्हा वाजला. "पोचतोच," तो म्हणाला.

त्यानंतर लेकीने खाली न्हाणीतून ओढली की माझ्या घरी वाजेल अशी एक घंटा बसवून घेतली, साधी तारेची. फोन ताईच्या पिशवीत राहतो. रोज सकाळी लेकीला कचेरीत निरोप येतो की सेविका ठिकाणावर नाही, आणि ती तो पुसून टाकते. पहिले काही दिवस निरोप आला की हातातला हिशेब चुकायचा, असं तिने मला सांगितलं. आता चुकत नाही का, ते मी विचारलं नाही.

ताईलाही या सगळ्याचं फार काही वाटलं असं दिसलं नाही. मी एकदा म्हटलं, चला, जिंकलीस. तर चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, "काय जिंकले, बाई? जिथे होते तिथेच आहे. तेवढं ठरवायला एवढा खटाटोप." तळवे दाबत होती. टाचांना भेगा पडल्या होत्या. तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. माझ्या दाराशी रेंज फुल असते, शब्द न् शब्द मलाही ऐकू आला. संस्थेच्या कचेरीत कुणी नवी मुलगी आली होती.

"ताई, मघाशी तुम्ही कुठे होता? रुळांपलीकडे दाखवत होतं."

"हो का?" ताई म्हणाली. "आणि आता?"

"आता बरोबर दाखवतंय. आता तुम्ही आजोबांकडे आहात."

ताईने माझ्याकडे पाहिलं. पेला खाली ठेवला, चपलांत पाय सरकवले.

"असेन," ती म्हणाली. "आजोबांचं झालंय. आता पुढच्या घरी निघाले."